आइस्क्रीमचा गोळा एका हाताने : अल्फ्रेड क्रॅल यांचे चरित्र



लग्नाच्या जेवणात सगळ्यात मोठी रांग कुठे असते? आइस्क्रीमच्या टेबलापाशी! तिथे उभा असलेला दादा पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवलेला स्कूप बाहेर काढतो, डब्यात खुपसतो, वळवतो आणि अंगठ्याने पट्टी दाबतो. कट् असा आवाज येतो आणि गोल गोळा कपात पडतो. तोपर्यंत त्याच्या दुसऱ्या हातात पुढचा कप तयारही असतो. आपलं सगळं लक्ष आपल्याला मँगो मिळतं की बटरस्कॉच याच्याकडे! त्या स्कूपकडे कोण बघतं?

आज आपण त्या स्कूपकडेच बघणार आहोत. एका हाताने चालणारा स्कूप ज्यांनी बनवला, त्या अल्फ्रेड एल. क्रॅल यांची ही माहिती आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात एडिसन येतात, ग्रॅहम बेल येतात. क्रॅल येत नाहीत. त्यांनी काही विजेचा दिवा लावला नाही, मान्य आहे. पण एका साध्या कामात रोज होणारा त्रास त्यांनी पाहिला आणि तो संपवला. प्राथमिकच्या मुलांना सांगायला मला अशी माणसं जास्त बरी वाटतात, कारण मुलांना ती पटकन कळतात.

अल्फ्रेड यांचा जन्म ४ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, लुनेनबर्ग परगण्यातल्या केनब्रिज इथे झाला. ही तारीख जरा थांबून बघा. अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिणेची राज्ये चार वर्षे आपसात लढली. ते युद्ध १८६५ साली संपलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामी कायद्याने बंद झाली. म्हणजे त्यानंतर नवव्या महिन्यात एका कृष्णवर्णीय घरात हे बाळ जन्माला आलं. एक-दोन वर्षं आधी, त्याच गावात, तशाच घरातल्या मुलाची खरेदी-विक्री होऊ शकत होती.

व्हर्जिनिया म्हणजे तर युद्धात हरलेल्या दक्षिणेचं मुख्य राज्य. तिथे १८३१ सालीच असा कायदा झाला होता, की कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी जमवायचं नाही. शाळा भरवणं हाच गुन्हा! आपल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला हे आपण शिकवतो. तिकडे तर सरळ कायदाच होता. या दोन्ही गोष्टींचा संबंध आपल्या महात्मा फुल्यांना तेव्हाच दिसला होता. १८७३ साली आलेलं त्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केलेलं आहे. ते पुस्तक पुण्यात निघालं तेव्हा अल्फ्रेड सहा-सात वर्षांचे होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तिचा उपयोग आहे. मिसिसिपी राज्यात नेड नावाचा एक गुलाम होता. त्याने कापसाच्या शेतात चालणारं एक अवजार तयार केलं. त्याच्या मालकाने १८५७ साली त्यावर पेटंट मागितलं. पेटंट म्हणजे काय? तर ही वस्तू मी शोधली, ठरावीक वर्षं माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने ती बनवायची नाही, असा सरकारी हक्क. सरकारने पेटंट द्यायला नकार दिला. का? तर पेटंट फक्त शोध लावणाऱ्यालाच मिळतं, आणि मालकाने तर शोध लावलेला नाही. मग नेडला द्यावं? तर तो गुलाम, म्हणजे देशाचा नागरिकच नाही, त्याची शपथही चालत नाही. १८५८ साली अमेरिकेच्या सरकारी महान्यायवादींनीही हेच मत दिलं. डोकं नेडचं, पण कागदावर नेड माणूसच नव्हता! ही गोष्ट क्रॅल यांच्या जन्माच्या फक्त आठ वर्षं आधीची आहे.

अल्फ्रेड यांचे वडील सुतारकाम करायचे. लहानपणापासून ते वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. सुताराच्या घरातलं मूल तुम्ही बघितलं असेल. रंधा, करवत, पटाशी, किकरं ही त्याची खेळणीच असतात. कोणतं हत्यार कुठे अडतं, कुठे जोर लावावा लागतो, कुठे हात सोलतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. अल्फ्रेड यांना यंत्रं आणि त्यांची हालचाल यांची गोडी इथेच लागली. गावातल्या शाळांमध्ये शिकून झाल्यावर ते वॉशिंग्टन शहरात वेलँड सेमिनरी या संस्थेत शिकायला गेले. गुलामीतून सुटलेल्या लोकांना शिक्षण मिळावं, त्यांच्यातून शिक्षक आणि धर्मोपदेशक तयार व्हावेत, म्हणून युद्धानंतर बॅप्टिस्ट मंडळींनी ती सुरू केली होती. पुढे प्रसिद्ध झालेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन हेही काही काळ याच संस्थेत शिकले होते.

एवढं शिकलेल्या तरुणाला काम काय मिळालं? पोर्टरचं. अल्फ्रेड पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला गेले. हे पोलाद कारखान्यांचं शहर, धुराड्यांनी भरलेलं, कामासाठी माणसं ओढून घेणारं. तिथे त्यांनी एका औषधाच्या दुकानात आणि एका हॉटेलात पोर्टर म्हणून नोकरी केली. पोर्टर म्हणजे सामान उचलणारा, पुसणारा, आणून देणारा, पडेल ते काम करणारा. आपल्याकडे त्याला हरकाम्या म्हणतात. शिकलेल्या कृष्णवर्णीय माणसालाही त्या काळी अशीच कामं जास्त मिळत. त्याला कुणी त्याचं मत विचारत नसे. पण डोळे तर उघडे असतात ना!

तुम्ही म्हणाल, औषधाच्या दुकानाचा आणि आइस्क्रीमचा काय संबंध? अमेरिकेत तेव्हा औषधाच्या दुकानातच सोडा वॉटर मिळण्याचं काउंटर असायचं. सरबत, सोडा आणि त्याबरोबर आइस्क्रीम. संध्याकाळी लोक तिथे गप्पा मारायला जमत. आइस्क्रीम तोपर्यंत श्रीमंतांपुरतं राहिलेलं नव्हतं. १८४३ साली नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटाचं पेटंट घेतलं होतं. बाहेर लाकडी बादली, तिच्यात बर्फ आणि जाडं मीठ, मधे धातूचा डबा आणि वर फिरवायचा दांडा. आपल्याकडेही घरोघरी मे महिन्यात असा पॉट फिरवला जायचा, आजी-आजोबांना विचारा. त्यामुळे आइस्क्रीम बनवणं सोपं झालं होतं. वाढणं मात्र सोपं झालेलं नव्हतं.

आइस्क्रीम वाढायचं म्हणजे काय करायचं? एका मोठ्या चमच्याने किंवा पळीने ते खरवडून काढायचं. ते पळीला घट्ट चिकटून बसायचं. मग दुसऱ्या चमच्याने ते ढकलून बशीत पाडायचं. म्हणजे दोन हात आणि दोन चमचे एका गोळ्यासाठी गुंतले. बशी टेबलावर ठेवावी लागणार. समोर गिऱ्हाईकांची रांग, मागे आइस्क्रीम वितळतंय, हात गारठलेले. शिवाय कुणाला जास्त, कुणाला कमी. गिऱ्हाईक कुरकुरणार आणि मालकही कुरकुरणार.

चिकटतं का? हे समजायला आपल्या भाताची मूद आठवा. आई वाटीत भात दाबून भरते आणि पानात उपडी करते. कधी कधी मूद सुटतच नाही. मग ती वाटीच्या बुडावर थापटी मारते किंवा वाटी आधी पाण्यात बुडवून घेते. दाबून भरलेला पदार्थ भांड्याला सगळीकडून चिकटतो आणि मधे हवा शिरायला जागाच उरत नाही. आइस्क्रीमचंही तसंच. त्यातून गार धातूवर ते थोडं गोठूनही बसतं. वाटीच्या आतून एखादं पातळ पातं फिरवून मूद कडेपासून सोडवली तर? बस्, हीच युक्ती!

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी क्रॅल यांनी जगातला पहिला आइस्क्रीम स्कूप बनवला असं लिहिलेलं असतं. मुलांना तसं सांगू नये. पेनसिल्व्हेनियातल्याच रेडिंग गावच्या विल्यम क्लूवेल यांनी १८७८ सालीच एक स्कूप बनवला होता. तो शंकूच्या आकाराचा होता, आपल्या नरसाळ्यासारखा, आणि टोकाला एक किल्ली होती. स्कूप भरायचा, उलटा धरायचा आणि किल्ली फिरवायची. आतलं पातं फिरून आइस्क्रीम सुटायचं. म्हणजे पात्याची कल्पना आधीपासून होती. पण एका हाताने स्कूप धरायचा आणि दुसऱ्याने किल्ली फिरवायची. हात दोनच्या दोनच अडकले!

क्रॅल यांचं काम इथून सुरू होतं, आणि त्यांचं मोठेपण मला यातच वाटतं. आहे त्या वस्तूत नेमकं काय अडतंय हे त्यांनी पकडलं. त्यांनी असा स्कूप बनवला, की ज्या हातात तो धरलाय त्याच हाताच्या दाबाने आतलं पातं वाटीच्या कडेने फिरावं, आइस्क्रीम सुटावं आणि गोळा आकार धरूनच बाहेर पडावा. दुसरा हात मोकळा. त्यांनी पेटंटच्या अर्जात आणखीही काही गोष्टी मुद्दाम नमूद केल्या आहेत. वस्तू मजबूत हवी, टिकाऊ हवी, स्वस्त हवी. नाजूक, पटकन तुटणारे भाग नकोत. आकार शंकूचा हवा तर शंकूचा, ढिगासारखा हवा तर ढिगासारखा करता यावा. वाचताना लगेच कळतं, की ही यादी रोज भांडी घासणाऱ्या, मोडलेली वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाची आहे.

त्यांनी १० जून १८९६ रोजी अर्ज केला आणि २ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांना पेटंट मिळालं. पेटंट क्रमांक ५७६३९५. वय फक्त ३०. आता नेडची गोष्ट आठवा. नेडला जो कागद मिळू शकत नव्हता, तोच कागद गुलामी संपल्यावर जन्मलेल्या पहिल्या पिढीतल्या एका पोर्टरने स्वतःच्या नावावर घेतला. सरकारी कागदावर शोधक म्हणून त्याचं नाव लिहिलं गेलं, मालकाचं नाही.

पण त्या नावापुढे त्याचा वंश लिहिलेला नव्हता. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात तशी नोंदच होत नसे. ऐकायला चांगलं वाटतं, पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. कृष्णवर्णीय लोकांनी कधी कुठला शोध लावलाय का, असं कुणी हिणवून विचारलं तर दाखवायला पुरावा नसायचा. सगळी नावं हजारो नावांत मिसळून गेलेली. तेव्हा पेटंट कार्यालयातच काम करणारे हेन्री बेकर हे कृष्णवर्णीय अधिकारी पुढे आले. त्यांनी देशभरातल्या पेटंट वकिलांना पत्रं पाठवली, माहिती मागवली आणि एकेक नाव वेचून याद्या केल्या. अशी एक यादी १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली. अशा यादीत क्रॅल यांची नोंद आहे ती आइस्क्रीमचा साचा एवढीच. ते यादीतलं एक ओळीचं नाव राहिलं, म्हणून आज मी हा लेख लिहू शकते.

स्कूपमुळे क्रॅल श्रीमंत झाले का? नाही. तसाच एका हाताने चालणारा स्कूप पुढे वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने बनवला आणि विकला. त्या काळी अमेरिकेत पेटंट १७ वर्षं चालायचं, म्हणजे त्यांचा हक्क १९१४ साली संपला. क्रॅल मात्र हॉटेलच्या नोकरीतच अडकून राहिले नाहीत. पिट्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या लोकांच्या उद्योगधंद्यासाठी आणि बचतीसाठी एक संस्था काढली होती. तिचे ते सहायक व्यवस्थापक झाले. बँका दारात उभं करत नव्हत्या त्या काळात चार पैसे एकत्र करून आपला धंदा आपणच उभा करायचा, असा तो प्रयत्न होता. आपल्याकडच्या पतपेढ्या आणि बचत गट ज्यांना माहीत आहेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता परत स्कूपकडे येऊ. १८९७ साली कोन अजून गल्लोगल्ली पोचलेला नव्हता. आइस्क्रीम बशीत किंवा काचेच्या पेल्यात मिळायचं. लंडनच्या रस्त्यावर तर एक पेनीला छोट्या जाड काचेच्या पेल्यात आइस्क्रीम देत. गिऱ्हाईक ते चाटून पेला परत करी आणि विक्रेता तोच पेला नुसता पुसून पुढच्याला देई! क्षयरोग पसरतो म्हणून पुढे त्या पेल्यांवर तिथे बंदी आली. मग १९०३ साली न्यूयॉर्कच्या इटालो मार्चिओनी यांना खाता येणारे कप बनवण्याच्या साच्याचं पेटंट मिळालं आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक जत्रेत कोन भलताच लोकप्रिय झाला. पेला गेला, धुणं गेलं. पण कोन टेबलावर उभा राहत नाही! तो कुणीतरी हातात धरावाच लागतो. म्हणजे एका हातात कोन आणि दुसऱ्या हातात स्कूप. किल्ली फिरवायला तिसरा हात आणायचा कुठून? क्रॅल यांनी सात वर्षं आधी मोकळा केलेला तो एक हात कोनच्या काळात खऱ्या अर्थाने कामाला आला.

पुढे १९३० च्या दशकात ओहायो राज्यातल्या शेर्मन केली यांनी तर पातं, दांडी, स्प्रिंग सगळंच काढून टाकलं. आइस्क्रीम काढून काढून एका मुलीच्या हाताला फोड आलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी ॲल्युमिनियमचा पोकळ मुठीचा स्कूप बनवला आणि मुठीत एक द्रव भरला. हाताची ऊब त्या द्रवातून वाटीपर्यंत जाते आणि आइस्क्रीम कडेला जरासं सैल होऊन आपोआप सुटतं. तो स्कूप आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलेला आहे. तरीही आपल्या लग्नातल्या टेबलावर बहुतेक वेळा दिसतो तो कट् आवाजाचा, पात्याचाच.

क्रॅल यांचा शेवट मात्र फार दुःखाचा झाला. त्यांना तीन मुलं होती. १९१८ साली त्यांची पत्नी आणि एक मुलगी साथीच्या रोगाने गेल्या. त्याच सुमारास एकुलता एक मुलगाही आजारपणात गेला. आणि या धक्क्यांच्या काळातच पिट्सबर्गमध्ये मोटार अपघातात खुद्द अल्फ्रेड क्रॅल यांचा मृत्यू झाला. मागे उरली ती जेमतेम नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. ज्या वयाची मुलं माझ्या चौथीच्या वर्गात बसतात, त्या वयाची.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हा पाठ नुसता वाचून दाखवू नका. उकडलेले बटाटे कुस्करून, थोडे घट्ट करून एका पातेल्यात न्या. एका मुलाला दोन चमचे द्या, दुसऱ्याला छोटी वाटी आणि सुरी, आणि तिसऱ्याला स्कूप मिळाला तर स्कूप. प्रत्येकाने दहा गोळे पाडायचे, घड्याळ लावायचं. नंतर अट घाला, की एक हात पाठीमागे ठेवायचा. मग वर्गात जो गोंधळ आणि हशा होतो तो बघा! आणि मोठ्या वर्गाला हे गणित द्या. बाजारातल्या बऱ्याच स्कूपवर एक आकडा असतो, ८, १६, २० असा. तो आकडा म्हणजे एका अमेरिकन क्वार्टमधून, म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटरमधून, तेवढे सपाट गोळे निघतात. तर १६ आकड्याच्या स्कूपचा एक गोळा किती मिलिलिटरचा? आकडा मोठा तर गोळा मोठा की लहान? पहिलं उत्तर बहुतेक मुलं चटकन काढतात. दुसऱ्याला हमखास फसतात, तेव्हा लगेच उत्तर सांगू नका, स्कूप हातात द्या.